कोंबड्यांचे वजन केवळ विक्रीच्याच दिवशी का?

कोंबडीपालनाच्या धंद्यात वजनाचा काटा कोणास अपरिचित आहे असे नाही. मांसल पक्ष्यांची बॅच तयार झाली आणि व्यापाऱ्याची अगर कंपनीची गाडी दाराशी येऊन उभी राहिली, की काटा बाहेर निघतो. क्रेट भरले जातात, आकडे लिहिले जातात आणि त्या आकड्यांवर पाच-सहा आठवड्यांच्या मेहनतीचा हिशेब होतो. परंतु त्या पाच-सहा आठवड्यांत त्याच पक्ष्यांचे वजन किती वेळा घेतले, असे विचारल्यास पुष्कळ शेडमध्ये समाधानकारक उत्तर मिळत नाही. मरतुकीची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी सापडते. मेलेल्या पक्ष्यांचा हिशेब ठेवावयाचा आणि जिवंत पक्ष्यांचा ठेवावयाचा नाही, ही रीत उलटी आहे व ती बदलणे अगत्याचे आहे.

मरतूक हे बहुतेक रोगांचे शेवटचे लक्षण होय. त्यापूर्वी कित्येक दिवस पक्षी खाणे कमी करतो, अथवा खातो पण ते अंगी लागत नाही, आणि त्याची वाढ मंदावते. रक्ती हगवणीचेच उदाहरण घ्यावे. विष्ठेत रक्त दिसू लागले म्हणजे शेतकरी औषधासाठी धावतो. पण या रोगाचे जंतू थोड्या प्रमाणात आतड्यात शिरले असता रक्त दिसत नाही, पक्षी मरत नाहीत आणि शेडमध्ये सर्व काही ठीक चालले आहे असेच वाटते. बदल होतो तो केवळ वजनात. जंतांची गोष्ट अशीच. बुरशी आलेल्या मक्यातील व भुईमुगाच्या पेंडीतील विषाचीही तीच तऱ्हा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत धागा गेला आणि पुढे त्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. तेथे विषाचे प्रमाण मोठे होते म्हणून मृत्यू झाले व जगाचे लक्ष गेले. आपल्याकडे ओलसर मका पोत्यांत भरून ठेवला जातो, त्यातून असे विष अल्प प्रमाणात पोटात जात राहिले तर पक्षी मरत नाहीत. ते नुसते खुरटतात आणि लस टोचूनही त्यांची प्रतिकारशक्ती हवी तशी वाढत नाही. अशा वेळी काट्याखेरीज दुसरा साक्षीदार मिळणे कठीण.

काटा सर्व संकटांची आगाऊ सूचना देईल, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा देशातील पहिला उद्रेक उघडकीस आला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ मध्ये त्याच नवापुरात तो पुन्हा आला. असा रोग आठवड्याच्या वजनाची वाट पाहत थांबत नाही. मानमोडीचा तीव्र प्रकारही तसाच. तेथे रोजचे खाद्य व रोजचे पाणी यांवरील नजर अधिक उपयोगी पडते. साधारण हवामानात पक्षी जितके खाद्य खातो त्याच्या वजनाच्या सुमारे पावणेदोन ते दोनपट पाणी पितो. हे प्रमाण एकाएकी ढळले, तर काहीतरी बिनसले आहे असे समजून पशुवैद्यकास बोलवावे. पाण्याच्या नळीवर एक साधे मीटर बसविले आणि रोज ठराविक वेळी त्याचा आकडा लिहिला, तर तेवढ्यानेही मोठे काम होते. वजन, खाद्य, पाणी व मरतूक या चारही नोंदी एकाच पानावर असाव्यात, कारण त्यांतील एकटी कोणतीही नोंद अर्धवटच बोलते. मे महिन्यात विदर्भातील शेडमध्ये वजनवाढ मागे पडली आणि पाण्याचा खप वाढलेला दिसला, तर तो रोग नसून उन्हाचा ताप असण्याचाच संभव अधिक. तेथे औषधाच्या बाटलीपेक्षा छपरावरील ओले गवत व पडद्यांची उघडझाप उपयोगी.

वजन कसे घ्यावे याविषयी पुष्कळ ठिकाणी गैरसमज आहे. शेडच्या दारात जे पाच-सात पक्षी सहज हाती लागतात ते तोलून सरासरी काढण्याची पद्धत निरुपयोगी आहे. हाती लागणारा पक्षी बहुधा मंद असतो; तो एक तर फार जड असतो किंवा आजारी. त्याऐवजी शेडच्या दोन-तीन निरनिराळ्या जागी जाळीची घडीची चौकट उभी करून तीत जे पक्षी सापडतील ते सर्वच्या सर्व, एकेक करून तोलावेत. त्यांतील मरतुकडा पक्षी 'याला कशाला मोजायचे' म्हणून सोडून देण्याचा मोह होतो, तो आवरावा. हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये पन्नास-साठ पक्षी पुरेत. दहा हजारांच्या शेडमध्ये शंभरांहून कमी नसावेत. आठवड्यातील वार ठरलेला असावा आणि वेळही ठरलेली, शक्यतो पहाटे खाद्य देण्यापूर्वीची. एकदा रिकाम्या पोटी व एकदा भरल्या पोटी घेतलेल्या वजनांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. उजेड मंद ठेवून, गडबड न करता, पक्षी दोन्ही हातांत पंखांसकट अलगद धरून उचलावा. एका पंखाला धरून ओढलेल्या पक्ष्याचे वजन कागदावर येते, पण पंख निखळतो.

पक्षी एकेक करून तोलण्याचा आग्रह का, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. दोन शेडमधून दहा-दहा तलंगा तोलल्या असे समजावे. पहिल्या शेडमधील वजने ७८०, ७९०, ७९०, ८००, ८००, ८००, ८००, ८१०, ८१० व ८२० ग्रॅम आली. दुसऱ्या शेडमधील ५६०, ६००, ६४०, ७००, ७६०, ८४०, ९००, ९६०, १,००० व १,०४० ग्रॅम आली. दोन्हीकडे दहांची बेरीज ८ किलो आणि सरासरी ८०० ग्रॅमच. दहाही तलंगा एकाच क्रेटमध्ये घालून तोलल्या असत्या, तर दोन्ही शेतकऱ्यांना सारखेच समाधान वाटले असते. वस्तुतः सरासरीच्या दहा टक्के वर व दहा टक्के खाली, म्हणजे ७२० ते ८८० ग्रॅमच्या दरम्यान, पहिल्या शेडमधील सर्व तलंगा बसतात व दुसऱ्या शेडमधील केवळ दोन. दुसऱ्या शेडमध्ये बलवान पक्षी दुर्बलांना खाद्याच्या भांड्यापाशी येऊ देत नाहीत, अथवा भांडीच कमी आहेत, अथवा निरनिराळ्या वयांचे पक्षी एकत्र कोंडले आहेत, अथवा चोच कापताना हलगर्जी झाली आहे. कारण शोधावे लागेल. पण कारण शोधले पाहिजे, हे सांगणारी ती दहा निरनिराळी वजनेच आहेत. अंड्यांवरील तलंगांचा कळप शेकडा ऐंशीहून अधिक एकसारखा असला, तर तो चांगला समजतात. मांसल पक्ष्यांत नर व मादी एकत्र असल्याने आणि नर स्वभावतःच जड असल्याने हाच दंडक तेथे जसाच्या तसा लावू नये.

अंड्यांवरील कोंबड्यांच्या बाबतीत तर तलंगेचे वजन म्हणजे पुढील वर्षभराचे भाकीतच होय. अठरा आठवडे झाले म्हणून शेडमध्ये दिव्याचा उजेड वाढवावयाचा, असा प्रघात पडला आहे. उजेड वाढला की अंडाशय कामाला लागते; मग तलंगेचे अंग भरले आहे की नाही याची ते वाट पाहत नाही. हलक्या तलंगेस अशा रीतीने घाईने अंड्यांवर आणले, तर अंडी लहान येतात, उत्पादन लवकर खाली येते आणि काही कोंबड्यांत अंग बाहेर येण्याचा विकार जडतो. यास्तव उजेड वयाप्रमाणे न वाढविता वजनाप्रमाणे वाढवावा. वाणाच्या तक्त्यात दिलेल्या वजनास कळप पोहोचला नसेल, तर आठवडा-दोन आठवडे थांबण्यात तोटा नाही. पिल्ले पुरविणाऱ्या उबवणी केंद्राकडून हा तक्ता मिळतो. तो मागून घ्यावा व शेडच्या भिंतीवर लावावा. पुष्कळ ठिकाणी तो कपाटात पडलेला असतो.

येथे एका प्रश्नाचा विचार करणे भाग आहे. वजन वाढले म्हणजे पक्षी सुखी, असे म्हणता येईल काय? मांसल पक्ष्यांच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९५७, १९७८ व २००५ या तीन काळांतील मांसल वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले व त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८ च्या वाणाचे १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचे ४,२०२ ग्रॅम भरले. अर्धशतकात चौपटीहून अधिक वाढ. ही किमया पैदाशीची आहे आणि तिच्यामुळेच कोंबडीचे मांस सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हाडे, सांधे व हृदय मांसाच्या वेगाने वाढू शकत नाहीत. जड पक्ष्यांपैकी काही लंगडतात, काही बसून राहतात, काहींच्या पोटात पाणी होते. लंगडा पक्षी पाण्यापर्यंत पोहोचत नाही, ओल्या तुसावर बसून बसून त्याच्या छातीस व तळपायांस जखमा होतात. त्याचे दुःख काट्यावर दिसत नाही; उलट तो काही दिवस कळपाची सरासरी वाढवीतच असतो.

म्हणून काट्याच्या जोडीला डोळा हवा. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ साली पक्ष्याची चाल पाहून शून्य ते पाच असे गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे निर्दोष चाल आणि पाच म्हणजे चालताच न येणे. ही पद्धत शिकण्यास कोणत्याही यंत्राची जरूर नाही. वजनासाठी पक्षी धरलेलाच असतो. त्याच वेळी तळपाय उलटून पाहावा, छातीचे हाड बोटांनी चाचपावे, आणि खाली सोडल्यावर तो कसा चालतो हे पाहून वजनापुढे एक खूण करावी. एका पक्ष्यामागे अर्धा मिनिट अधिक लागेल.

शेडमधील दाटीचाही वजनाशी निकटचा संबंध आहे, आणि तो फारसा लक्षात घेतला जात नाही. 'एका पक्ष्यास एक चौरस फूट' हा आपल्याकडील सर्वपरिचित हिशेब आहे. परंतु एक किलोचा पक्षी व सव्वादोन किलोचा पक्षी यांना सारखीच जागा पुरते, असे कोण म्हणेल? युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशात दाटी पक्ष्यांच्या संख्येवर मोजलेली नसून प्रत्येक चौरस मीटरमागे एकूण किती किलो जिवंत वजन आहे यावर मोजली आहे. मूळ मर्यादा ३३ किलोची असून काही अटी पाळल्यास ती वाढवून मिळते. आपल्या एक फुटाच्या हिशेबाने २.२ किलोच्या पक्ष्यांचे वजन चौरस मीटरमागे सुमारे २४ किलो होते. वरवर पाहता हे बरेच कमी दिसते; परंतु आपली शेड उघडी, पत्र्याची व कडक उन्हात उभी असते हे विसरून चालणार नाही. उन्हाळ्याच्या बॅचमध्ये पिल्ले कमी टाकावीत हा सल्ला जुनाच आहे. किती कमी, हे ठरविण्यासाठी मात्र मागील बॅचचे आठवडावार वजन हाती असावे लागते.

आता यंत्रांविषयी. बॅटरीवर चालणारा टांगता काटा आज तालुक्याच्या गावीही मिळतो. त्याहून पुढे जाऊन शेडमध्येच कायम ठेवावयाचे स्वयंचलित काटे निघाले आहेत. पक्षी आपण होऊन त्या तबकावर चढतो, त्याचे वजन नोंदले जाते, तो उतरतो, दुसरा चढतो. अशी दिवसभरात शेकडो वजने जमतात व त्यांची सरासरी मोबाइलवर दिसते. पक्षी धरावे लागत नाहीत, हा मोठाच लाभ. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅरियन डॉकिन्स व त्यांचे सहकारी यांनी शेडमधील कॅमेऱ्याच्या चित्रांवरून कळपाची एकंदर हालचाल मोजून लंगडेपणाची व रोगाची पूर्वसूचना मिळविता येते, हे दाखवून दिले आहे. पक्ष्यांच्या खोकण्याचा व ओरडण्याचा आवाज यंत्राने ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

ही साधने चांगलीच आहेत. पण ती विकत घेणाऱ्याने त्यांचे स्वभाव जाणून घ्यावेत. स्वयंचलित तबकावर चढण्यास पक्ष्यास थोडे कष्ट पडतात. बॅचच्या अखेरीस जड झालेले पक्षी, विशेषतः नर, चढण्याचे टाळतात. लंगडे तर चढतच नाहीत. मग यंत्राची सरासरी खऱ्याहून कमी येऊ लागते, आणि नेमकी ज्या पक्ष्यांची चौकशी व्हावयास हवी तेच नोंदीतून निसटतात. तबकाखाली तूस साठले की आकडा चुकतो. उंदीर वायर कुरतडतात, धूळ बसते, वीज जाते. यास्तव स्वयंचलित काटा बसविला तरी आठवड्यातून एकदा हाताने तोललेल्या पक्ष्यांशी त्याचा ताळा घ्यावा. आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही: आकडे जमविणे हे यंत्राचे काम, त्यावरून काही करणे हे माणसाचे. बुधवारी वाढ मंदावल्याचे मोबाइलने सांगितले आणि शेतकऱ्याने रविवारपर्यंत पाहिले नाही, तर त्या यंत्राचा खर्च व्यर्थ गेला. दोन हजार पक्ष्यांच्या शेतकऱ्याने कर्ज काढून असली यंत्रे बसविण्याची घाई करू नये. त्याला एक टांगता काटा, एक पाण्याचे मीटर, एक कमाल-किमान तापमापक व एक वही इतके पुरे आहे, आणि या चार वस्तू नीट वापरल्यास तो पुष्कळ मोठ्या शेडवाल्याच्या पुढे राहील.

आज महाराष्ट्रात मांसल पक्ष्यांचे संगोपन मोठ्या प्रमाणावर करारपद्धतीने चालते. पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी व श्रम शेतकऱ्याचे. ग्रोइंग चार्ज ठरतो तो अखेरचे वजन, मरतूक आणि एक किलो वजनवाढीस किती खाद्य लागले या हिशेबावर. 'वजन घेणे हे सुपरवायझरचे काम' असे या पद्धतीत कित्येक शेतकरी मानतात. ही समजूत त्यांच्याच हिताविरुद्ध आहे. बॅच हलकी निघाली तर त्याची कारणे अनेक असू शकतात. पिल्लेच लहान आली असतील, कारण वयाने लहान असलेल्या मातृकळपाची अंडी लहान असतात व पिल्लाचे वजन अंड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. एखाद्या खेपेचे खाद्य निकृष्ट असेल. किंवा शेतकऱ्याच्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात ऊब कमी पडली असेल. यांपैकी काय घडले, याचा निर्णय अखेरच्या दिवसाच्या एका आकड्यावरून होऊ शकत नाही, आणि पुरावा हाती नसला म्हणजे दोष साहजिकच ज्याची बाजू दुबळी त्याच्याकडे येतो.

ज्या शेतकऱ्याने पिल्ले उतरवितानाच दोन-चार खोकी भरलेली व रिकामी अशी तोलून एका पिल्लाचे सरासरी वजन लिहून ठेवले, त्याची गोष्ट वेगळी. सातव्या दिवशी पिल्लू आपल्या पहिल्या वजनाच्या किमान चौपट भरले पाहिजे. ४२ ग्रॅमने आलेले पिल्लू सातव्या दिवशी १७० ग्रॅमच्या आसपासही पोहोचले नसेल, तर ऊब, पाणी व खाद्य यांची चौकशी त्याच दिवशी करता येते. आले तेव्हाच ते ३५ ग्रॅमचे होते, असे वहीत लिहिलेले असेल, तर सुपरवायझरशी बोलताना शेतकऱ्याच्या शब्दास वजन येते. खाद्याची पोतीही अधूनमधून तोलावीत. ज्या दिवशी नव्या खेपेचे खाद्य सुरू केले तो दिवस वहीत मांडावा. पुढील आठवड्याचे वजन त्या खाद्याविषयी काय ते सांगेल. काटा स्वतःचा असावा, यासही कारण आहे. सुपरवायझरचा काटा व क्रेट एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरत असतात आणि त्यांच्याबरोबर रोगही फिरू शकतो.

परसातील कोंबड्यांची गोष्ट निराळी, पण फार निराळी नाही. घरची स्त्री कोंबडी हातात उचलून तिचे वजन अजमावते व तो अंदाज बहुधा बरोबर असतो. फक्त तो तिच्याच मनात राहतो. जेथे तलंगांचे गट वाटले जातात, तेथे पशुसखीने वाटपाच्या दिवशी व त्यानंतर महिन्यातून एकदा त्या तोलून दिल्या, तर कोणत्या घरी पक्षी वाढत आहेत आणि कोणत्या घरी जंतांचे औषध राहून गेले आहे, हे तिला दारोदार विचारीत बसावे लागणार नाही. टोपलीत कोंबडी ठेवून वर फडके बांधावे, टांगत्या काट्याला अडकवावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. अंधारात कोंबडी स्वस्थ बसते.

काट्याची परीक्षाही व्हावयास हवी. विक्रीसाठी वापरावयाच्या काट्यावर वैधमापन विभागाचा चालू मुदतीचा शिक्का असणे कायद्याने आवश्यक आहे. उचलीच्या दिवशी तो शिक्का पाहण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. शेडमधील स्वतःच्या काट्यासाठी शिक्का असलेले एक किलोचे व दोन किलोचे अशी दोन वजने जवळ ठेवावीत, आणि दर आठवड्यास पक्षी तोलण्यापूर्वी ती टांगून पाहावीत. फरक आला तर त्या दिवशीच्या पानावर तो लिहून ठेवावा व काटा दुरुस्तीस द्यावा.